सूनबाईंना माहीत नाही

रविवारची सकाळ होती. सासूबाईंना घरी ठेवून आम्ही तिघं माझ्या भावाच्या घराच्या वास्तुशांतीसाठी साताऱ्याला गेलो होतो, ते आदल्याच संध्याकाळी कोथरूडला घरी परतलो होतो. मी पोहे परतत होते आणि नवरा हॉलमध्ये मुलीच्या वह्यांना कव्हरं घालत बसला होता. आधी कात्री पडल्याचा आवाज आला, मग एक ओरडणं. ते त्याचं आहे हे मला क्षणभर कळलंच नाही. बाहेर धावले तर तो फरशीवर पडलेला. अंग ताठ, डोळे वर गेलेले, आणि मग हातापायांना गदागदा झटके.

शेजारचे काका-काकू धावत आले. काकूंनी नाकाशी धरायला कांदा फोडून आणला, काका दातांत घालायला चमचा शोधू लागले. मी नुसती त्याचं नाव घेत ओरडत होते.

"चमचा नको," सासूबाई म्हणाल्या. "ते टीपॉय लांब घ्या. कुशीवर वळवा त्याला."

त्यांनी त्याचा चष्मा काढला, डोक्याखाली उशी सरकवली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आवाज अगदी नेहमीचा. त्या धांदलीत मला त्यांचा केवढा आधार वाटला! झटके थांबले, पण तो शुद्धीवर यायच्या आतच पुन्हा सुरू झाले. तेव्हा मात्र त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "गाडी काढा," त्या काकांना म्हणाल्या. मुलीला काकूंकडे सोडून आम्ही निघालो.

कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टर बाई होत्या. इंजेक्शन देता देताच त्यांनी विचारायला सुरुवात केली.

"आधी कधी फिट आली होती?"

"नाही. कधीच नाही," मी म्हणाले.

"डोक्याला मार? ताप? कुठली औषधं चालू आहेत?"

"काही नाही हो. एक व्हिटॅमिनची गोळी घेतो, बस."

सासूबाई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत, गप्प. मला वाटलं, धक्का बसलाय त्यांना. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

इंजेक्शनांनी झटके आटोक्यात येईनात. पडदा ओढला गेला, माणसं वाढली. डॉक्टर बाई बाहेर येऊन म्हणाल्या, धडधाकट माणसाला अचानक असं होतं तेव्हा मेंदूत रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग असू शकतो. आधी स्कॅन करू, मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावं लागेल. श्वासासाठी नळी घालावी लागणार होती. मी मान हलवत राहिले.

"तू खाली जाऊन ॲडमिशनचं बघ," सासूबाई म्हणाल्या. "मी थांबते इथे."

मी जिन्यापर्यंत गेले आणि लक्षात आलं, त्याचं आधार कार्ड सासूबाईंच्या पिशवीत आहे. म्हणून परत फिरले. त्या पडद्यापाशी डॉक्टरांशी हळू आवाजात बोलत होत्या. पाठ माझ्याकडे होती.

"शाळेत असल्यापासून आहे त्याला. गोळ्यांवर व्यवस्थित असतो. साताऱ्याला जाताना गोळ्या घरीच विसरला, तीन दिवस पोटात गेल्या नाहीत. मला फोन केला होता त्यानं, मी म्हटलं, आता आल्यावरच घे."

"अहो, मग मघाशी का नाही सांगितलंत? तिथल्या दुकानातून गोळ्या नाही का घेता आल्या?"

"बायकोसमोर कशा आणणार? सूनबाईंना माहीत नाही."

डॉक्टर बाईंची नजर त्यांच्या खांद्यावरून माझ्यापर्यंत आली. "त्यांना आता कळलंय," एवढंच म्हणून त्या आत गेल्या. आतून गोळीचं नाव मोठ्यानं सांगितल्याचं ऐकू आलं, आणि सगळ्यांची धावपळ वेगळ्या दिशेनं सुरू झाली.

सासूबाई वळल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगितलं असतं तर तू केलं असतंस लग्न?"

त्याचं उत्तर शोधायची संधी मला कुणी दिलीच नव्हती. मी पिशवीतून कार्ड घेतलं आणि खाली गेले. रांगेत उभी असताना एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. जागरण होईल म्हणून लग्नसमारंभातून लवकर निघणं. व्हिटॅमिनची बाटली सासूबाईंनी स्वतः भरून ठेवणं. आणि आज सकाळचा तो शांत आवाज. तो सरावाचा आवाज होता.

तो वाचला. नळी काढल्यावर घसा बसला होता. भेटीच्या वेळात मी एकटीच आत गेले.

"सांगणार होतो," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "लग्नाआधीच सांगणार होतो. आई म्हणाली, नंतर सांग. नंतर तू इतकी खूश होतीस..."

"तू मुलीला स्कूटरवर पुढे उभी करून शाळेत सोडतोस," मी म्हणाले. "रोज. आणि मी वरून हात हलवते."

त्यानं डोळे मिटले. मला त्याची दया आली, आणि दया आली याचाही राग आला. मला आजाराचं काहीच वाटलं नव्हतं. माझ्या वडिलांना मधुमेह होता, त्यांची सुई मी स्वतः टोचत असे. त्याचीही गोळी हातात दिली असती. घरातल्या दोघांनी मिळून मला परकं ठरवलं होतं, आणि त्या परकेपणापायी तो मरता मरता वाचला होता.

पुढच्या तपासणीला न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, "पहिल्यापासून सांगा." तो सांगत गेला. प्रार्थनेच्या रांगेत आलेली पहिली फिट, कॉलेजात जिन्यावरून पडणं. कपाळावरची ती खूण, जी क्रिकेटच्या चेंडूची म्हणून मी मुलीला कितीदा कौतुकानं दाखवली होती. मी शेजारच्या खुर्चीत बसून एका अनोळखी मुलाची गोष्ट ऐकत होते. मुलगा मला आवडला. तो मला आधी भेटायला हवा होता.

आता गोळ्या जेवणाच्या टेबलावर उघड्या असतात. स्कूटर मी चालवते. मुलीला आम्ही दोघांनी बसवून सगळं सांगितलं. बाबांना झटके आले तर काय करायचं हे तिला पाठ आहे. सासूबाईंनी माफी मागितली नाही, आणि मीही तो विषय काढणं सोडलं आहे. वरवर घर पूर्वीसारखंच चालतं.

तो बसनं ऑफिसला जातो. कधी उशीर झाला की फोन करून म्हणतो, "चौकात ट्रॅफिक आहे." मी "बरं" म्हणते. फोन ठेवते आणि गॅलरीत जाऊन, दिसतो तेवढा रस्ता बघत उभी राहते.