निर्मलाताईंच्या बैलाची कोरी पाठ

आर्णीच्या शाळेत रुजू झालो त्या दिवशी निर्मलाताई राऊत यांनी माझं नाव विचारण्याआधी माझे हात पाहिले. "व्यायामाचे मास्तर ना तुम्ही? मंग या, लगदा मळा." ताई आमच्याकडे चित्रकला शिकवत. शाळेच्या मागच्या अंगणात पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा बैल उभा होता आणि त्याच्या अंगावर थापायला रद्दीचा लगदा घमेल्यात भिजत होता. दंडबैठका शिकवायला आलेला मी कोपरापर्यंत चिकट होऊन घरी गेलो. त्याच ताईंना आज पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत.

पोळ्याच्या आठवड्यात चौकाचौकांत काड्यांची, कागदाच्या लगद्याची सजवलेली जनावरं उभी करायची, हा उत्सव ताईंनी सुरू केला. कुणाचा बैल, कुणाचा रोही, म्हणजे नीलगाय. तांड्यावरच्या बाया आपल्या बैलाला आरसे आणि कवड्या लावतात. सजावट ज्या त्या मोहल्ल्यानेच करायची. शाळेचा बैल तेवढा ताई स्वतः रंगवत. शिस्त कडक, पण माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा माझे खेळाचे तास त्यांनीच घेतले. परतलो तर कबड्डीच्या मैदानाला रांगोळीची सुरेख किनार! तिच्यावर पाय ठेवायला एकही पोरगं तयार होईना.

ताईंची जिद्द मात्र बोंडअळीनंतरच्या पोळ्याला कळली. कापूस गेला होता आणि उन्हाळ्यात कितीतरी गोठ्यांतले बैल बाजारात गेले होते. उत्सव समितीचे अध्यक्ष म्हणाले, "ताई, लोकायच्या घरी बैल नाही अन् आपण कागदाचे मिरवाचे? बरं दिसत नाही हे." म्हणणं खोटं नव्हतं. ताई शांतपणे म्हणाल्या, "ज्याचा बैल गेला असा एकही शेतकरी तोरणाखाली शाळेच्या बैलापाशी आला नाही, तं पुढच्या सालापासून मीच बंद करीन." त्या बोललं ते करणाऱ्या, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागला.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद लावतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. त्या संध्याकाळी ताई मला घेऊन शाळेमागच्या गुलाबरावांच्या गोठ्यात गेल्या. त्यांच्या जोडीतला एक बैल विकला गेला होता. दुसरा खाली मान घालून उभा होता.

"एकट्याले कोन नेते तोरणाखाली, बाई?" गुलाबराव म्हणाले.

ताईंनी लोण्याची वाटी पुढे केली. "तुम्हाले बोलवाले नाही आली मी. तुमच्या बैलाले आमच्या बैलाचं आवतण हाये."

गुलाबरावांनी वाटी घेतली आणि बैलाचा खांदा चोळायला लागले. येतो म्हणाले नाहीत, नाही येत असंही म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तोरण बांधून झालं, वाजंत्री सुरू झाली, तरी आमच्या बैलाशेजारची जागा रिकामी. अध्यक्ष घड्याळ पाहत होते. तेवढ्यात गुलाबराव बैल घेऊन आले. त्यांच्या खांद्यावर आणखी एक झूल होती, विकलेल्या बैलाची. ती त्यांनी आमच्या बैलाच्या पाठीवर घातली आणि नीट ओढून बांधली. ताईंनी महिनाभर खपून त्या पाठीवर फुललेलं कपाशीचं शेत रंगवलं होतं. ते सगळं झाकलं गेलं. मी पुढे सरकलो, तर ताईंनी माझा हात धरला. "राहू द्या मास्तर." त्यांचे डोळे भरून वाहत होते. गुलाबरावांनी आपला बैल शेजारी आणून उभा केला. मग मागून आणखी लोक आले.

उत्सव बंद करा, असं त्यानंतर कुणी म्हटलं नाही. ताई मात्र तेव्हापासून शाळेच्या बैलाची पाठ कोरी ठेवतात. दर पोळ्याला कुणी ना कुणी घरातली झूल घेऊन येतंच.

ताई, तुम्हाला निरोगी शतायुष्य लाभो, ही आम्हा सर्वांची इच्छा. माझी इच्छा जरा जास्तीची आहे. एक पोळा असा यावा की गावातल्या प्रत्येक झुलीला तिचा बैल मिळावा, आमच्या बैलाची पाठ उघडी राहावी आणि ती तुम्हाला पुन्हा रंगवावी लागावी. तोवर तुमचा हात स्थिर राहो. लगदा मळायला मी आहेच.