घोडीच्या पाठीवरचे कोरडे डाग

“डॉक्टरसाहेब, घोडी विकून टाकतो. पोरीला पाडलान तिनं,” गफूरभाई फोनवर म्हणाले.

गफूरभाई श्रीवर्धनचे, आखातातली नोकरी संपवून परतलेले. त्यांची मुलगी रेहाना एंड्युरन्सची तयारी करत होती. एंड्युरन्स म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत. मधल्या टप्प्यांवर आम्ही जनावरांचे डॉक्टर घोडा तपासतो. पाठ दुखत असेल तर तिथेच बाद. इथे पहिल्या शर्यतीआधीच रेहानाचा हात प्लास्टरमध्ये गेला होता आणि घोडी वरातवाल्याला द्यायचं ठरत होतं.

ही घोडी मी आधी दोनदा पाहिली होती. पाठ दाबली की अंग चोरायची. दोन्ही वेळा पेनकिलर दिलं, आठ दिवस विश्रांती सांगितली आणि निघालो.

या वेळी म्हसळ्याहून ठरल्यापेक्षा तासभर आधीच पोचलो. गफूरभाई घोडीवरून नुकतेच उतरले होते. खोगीर काढून त्यांनी पाण्याची बादली उचलली होती.

“थांबा, धुऊन घेतो. असं घामट जनावर डॉक्टरला दाखवतात व्हय?”

“बादली खाली ठेवा!” मी जवळजवळ ओरडलोच.

पाठ घामानं चिंब होती. फक्त खांद्यांच्या मागे, दोन्ही बाजूंना, तळहाताएवढे दोन कोरडे डाग. खोगीर फार दाबतं तिथे घाम येत नाही. आधी दोन्ही वेळा माझा मान राखायला म्हणून हा पुरावा धुतला गेला होता. आणि मीही कधी खोगीर मागितलं नव्हतं.

आता मागितलं. आखातातून हौसेनं आणलेलं, देखणं, पण या रुंद पाठीच्या घोडीला अरुंद. त्याखालच्या तीन घोंगड्या बाजूला पडल्या होत्या.

“तीन कशाला?”

“तुम्हीच बोललात ना, पाठ दुखते. मऊ पडावं म्हणून दर वेळी एक वाढवली.”

तंग बुटात आणखी मोजे घालावेत, तसं झालं होतं. मी ते समजावून सांगितलं. रेहाना दारात उभी राहून ऐकत होती.

“म्हणजे तिला दुखत होतं? आणि मी छडी मारत होते, अंकल.”

मी खोगीर खाली ठेवलं. मग म्हणालो, “चूक माझी आहे, बेटा.”

घोडी विकली नाही. रुंद खोगीर आलं. डागांच्या जागी पांढरे केस उगवले, ते आता जायचे नाहीत. शर्यतीचा नाद रेहानानं स्वतःच सोडला. खोगीर दिसलं की घोडी अजून कान मागे पाडते.

पाठ दुखणाऱ्या घोड्याचं खोगीर आधी बघावं, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. मी ते शिकलो एका मुलीचा हात मोडल्यावर.