फिजिओची मांडी

पलंगावर पडलेल्या माणसाकडे दोन गोष्टी साचत जातात, मोसंबी आणि किस्से. मोसंबी घरचे खातात. किस्से मात्र आपल्यालाच पचवावे लागतात, कारण त्यात हसं आपलंच झालेलं असतं!

मी लातूरला फिजिओथेरपिस्ट आहे. वीस वर्षं घरोघरी जाऊन पेशंटना एकच सांगत आलो. हाड आपोआप जुळतं, पण नुसतं पडून राहिलं की स्नायू वितळतात. तेव्हा पलंगावरच पाय हलवा आणि डाळ, दूध, पनीर दाबून खा. गेल्या वर्षी माझाच घोटा मोडला. सहा आठवडे गुडघ्यापर्यंत प्लास्टर, पाय टेकायचा नाही. खरं सांगतो, मी पार घाबरलो. पेशंटला काखेत धरून उभं करणं हा माझा धंदा. माझीच मांडी गेली तर मी कोणाला उभं करणार?

मोडला कसा, ते आधी ऐका. शिवलिंगअप्पा म्हणून एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. एका पायावर तोल कसा सांभाळायचा, ते मी त्यांना करून दाखवत होतो. "घाबरायचं नाही अप्पा, हे असं बघा..." एवढं बोललो आणि पायाखालची चटई सरकली! मी निम्मा पलंगाखाली.

अप्पांनी वॉकर धरून मला नीट न्याहाळलं आणि काळजीनं विचारलं, "डॉक्टर, हे बी करायचंय का मला?"

*

पुढचा घोळ 'आराम' या शब्दानं केला. आराम करणं म्हणजे पडून राहणं आणि आराम पडणं म्हणजे बरं होणं. आई माझ्या देखभालीला शिरूर अनंतपाळहून आली होती. मी तिला बजावलं, "कोणी विचारलं तर सांग, मला आराम नकोय. व्यायाम करायचाय."

गावाकडून काकांचा फोन आला. "बापूला आराम हाय का?"

आई म्हणाली, "न्हाई. आराम नकोच म्हणतोय त्यो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात जीपभर माणसं! काकांनी माझा हात घट्ट धरला. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "बापू, असा जिवावर उदार होऊ नको रे. लेकरं लहान हायती!"

माझा एकुलता एक मुलगा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

*

आता खाण्याचं. आईच्या मते आजाऱ्यानं पातळ वरण आणि मऊ भात खायचा. वरण इतकं पातळ, की वाटीचा तळ दिसायचा. मी बायकोला, संगीताला, हळूच सांगितलं, "मला प्रोटीन पाहिजे. सोयाबीनची भाजी कर."

नेमके तेव्हा देगलूरहून सासरे मला बघायला आले होते. ते घरी पाच एकर सोयाबीन पेरतात. त्यांनी चमकून विचारलं, "जावईबापू, सोयाबीन खाऊन राहिले तुम्ही?"

"हो ना. पेशंटलाही तेच सांगतो."

"आवो, ते मोंढ्यावर नेऊन इकायचं असतंय!"

मी त्यांना दहा मिनिटं प्रोटीनचं महत्त्व समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरात जाऊन संगीताला विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. "डोक्याला बी मार लागलाय का गं?"

*

मांडीला करंट देणारं मशीन माझ्याकडेच होतं. स्नायू आपल्यानं पुरेसा आवळला जात नसेल, तर हे मशीन आवळून देतं. पेशंट घाबरले की मी हसत म्हणायचो, "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटतं."

मी संगीताकडून मशीनच्या चकत्या मांडीला लावून घेतल्या. शेजारच्या सलमाआपा खिचडीचा डबा घेऊन आल्या होत्या. त्यांच्या गुडघ्यासाठी हेच मशीन मी महिनाभर वापरलं होतं. संगीतानं बटण जरा जास्तच फिरवलं. मी अशी बोंब ठोकली की गल्लीतली माणसं गॅलरीत आली!

सलमाआपांनी डबा शांतपणे टेबलावर ठेवला. "क्या डाक्टरसाब, चिंटी काटी?"

*

मग अप्पाच समाचाराला यायला लागले, वॉकर टेकत. पाय सरळ ठेवून वर उचलायचा, हा माझा व्यायाम मोजायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. मी पाय उचलला.

"एक."

परत उचलला.

"एक."

"अप्पा, दोन झाले."

"गुडघा वाकला तुमचा. एक."

घामाघूम होऊन मी वीस वेळा पाय उचलला. गुरुजींच्या हिशोबानं सात झाले. वर शाबासकी दिली, "प्रगती हाय. पण अक्षर सुधारा."

*

दर रविवारी संगीता टेपनं दोन्ही मांड्या मोजायची. मोडलेल्या पायाची मांडी दर वेळी थोडी कमी भरायची. मी टेप सैल धरायला सांगायचो, वर सरकवायला सांगायचो, टेपच जुना आहे म्हणायचो. एका रविवारी मी तोंड फिरवून घेतलं. संगीतानं टेप गुंडाळून ठेवला. त्या दिवसापासून मात्र मी एकही व्यायाम चुकवला नाही आणि डाळ घट्ट घेतली.

*

शेवटी प्लास्टर निघालं. आणखी काही दिवसांनी आमच्या हाडांच्या डॉक्टर मित्रानं पायावर पूर्ण वजन द्यायला परवानगी दिली. परीक्षा एकच होती, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. संगीता, अप्पा, सलमाआपा, सगळे समोर उभे. मी पुढे वाकलो. मांडी थरथरायला लागली. मी परत मागे टेकलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

आई शेजारच्या खुर्चीत बसली होती. वय अठ्ठ्याहत्तर. गेली बारा वर्षं मी तिला हाच व्यायाम सांगतोय आणि बारा वर्षं ती "मला काय कुस्ती खेळायचीय?" म्हणून टाळतेय. उठायचं म्हटलं की एक हात भिंतीला आणि एक सुनेच्या खांद्याला.

तिनं दोन्ही हात छातीवर बांधले, पाय जरा मागे घेतले आणि सरळ उठून उभी राहिली!

संगीताचा आ वासलेला. माझाही.

"बघत काय बसलास? नाक पुढं घे. मांडीवर जोर दे. हां, ऊठ!"

मी उठलो. खरंच उठलो, हात न लावता. सगळ्यांसमोर माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आई म्हणाली, "रडायचं मागनं बघू. आधी हळू खाली बस. धपकन न्हाई!"