पडवी
काल घराला चुना लावताना त्या ओल्या वासानं निजामाच्या काळात परभणीला बांधलेली कचेरी आठवली. तिचे नकाशे मी काढले होते. "पुढची पडवी वगळली, तर कमानी उठून दिसतील," असं मीच साहेबांना सुचवलं आणि शाबासकी मिळवली. पहिल्याच वैशाखात पेडगावचा एक म्हातारा सुनावणीच्या पेशीसाठी सकाळपासून दारात उन्हात बसला होता. "दादा, मालक उन्हानं लय तापलेत, जरा आत बसू द्या की," त्याची बायको चपराशाला विनवत होती. "पुकारा झाल्याबिगर आत न्हाई, बाई." मी आत माझ्या टेबलाशी बसून खिडकीतून ऐकलं, पण उठलो नाही. दुपारी पुकारा झाला, तेव्हा म्हातारा तिच्या मांडीवर गेलेला होता. त्याच्या तोंडावर पदराची सावली तशीच धरून ती म्हणाली, "हाजिर हाय." लोक अजून त्या कमानींचं कौतुक करतात. मी मान डोलावतो.