मसुराच्या दाण्याभोवती

ह्यांनी आज नकाशावर चिनी जहाज म्हणून मसुराचा दाणा ठेवला आणि त्याभोवती ताटलीने मोठं वर्तुळ काढलं. नेव्हीतून रिटायर झाले, तरी मन अजून समुद्रावरच असतं.

“चिनी सांगतात तो क्षेपणास्त्राचा पल्ला हा,” ते सुनेला म्हणाले. “पण विमान उलटं पळालं, तर मागे धावून क्षेपणास्त्र दमतं. खरा पल्ला किती छोटा, बघ. बांगडी दे तुझी.”

तिने हसत बांगडी काढून दिली. माझे दोन्ही हात बांगड्यांनी भरलेले होते.

“आणि विमान पाण्यालगत खालून आलं तर, बाबा?”

“शाब्बास, सूनबाई! समुद्राला बाक असतो. मग ते अगदी जवळ आल्यावरच जहाजाला दिसतं.”

ह्यांचे डोळे कसे चमकले! मी चौथी शिकलेली, असं काही विचारायला मला सुचत नाही. सून गुणी आहे, तरी तिचा हेवा वाटतो.

मी लग्नापासून ह्यांच्या जवळच आहे. आताही नकाशाच्या कडेला, खाली बसले होते.

“चहा गार होतोय,” मी म्हटलं.

ह्यांनी मान वर न करता कप उचलला.