चौतीस अंशांची हवा

गॅरेजात त्यांना सगळे खात्रीकाका म्हणत. कोणी काहीही सांगितलं, अगदी बाहेर ऊन पडलंय म्हटलं, तरी त्यांचा प्रश्न ठरलेला, "खात्री केली का?" बायकोला ताप आला की ते दोन थर्मामीटर लावत, आणि दोन्हींत फरक निघाला की तिसरा आणायला निघत. बायको म्हणायची, "तिसरा येईपर्यंत माझा ताप उतरतो, तेच तुमचं औषध."

हा स्वभाव काही जन्माचा नव्हता. ऐन पंचविशीत त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या गाडीतला आकडा बघून "ठीक आहे, जाऊ द्या" म्हटलं होतं, आणि तासाभरात त्या इंजिनाच्या पिस्टनला बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. तेव्हापासून चाळीस वर्षं हा माणूस ताकही फुंकून पीत आला.

काम त्यांचं टर्बोच्या गाड्यांचं. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो, आणि दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तसंच. म्हणून ती गाडीच्या नाकाशी बसवलेल्या इंटरकूलरमधून गार करून आत सोडायची, आणि आत जाताना तिचं तापमान सेन्सरने मोजायचं. आकडा चढला की गाडीचा कॉम्प्युटर आपणहून जोर कमी करतो. आकडाच खोटा असेल तर तो बिनधास्त जोर देत राहतो, आणि पुढे काय होतं ते काकांनी बोट घालून पाहिलेलं होतं.

तपासलेल्या कामावर ते बायकोच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका लावत. ठिपका दिसला की तिथे दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, हा गॅरेजचा कायदा. तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

त्यांची लेक डोंगर चढायच्या शर्यतीत गाडी चालवायची. रविवारी शर्यत होती आणि शनिवारी सकाळी चाचणी. गाडीचं लोखंडी काम बापाकडे, आणि लॅपटॉपवरचं काम नवऱ्याकडे. जावई हुशार होता, बोलायला गोड होता, आणि काकांना नेमकं तेच खुपत होतं. चार वर्षांत त्याचे हात एकदाही काळे झालेले त्यांनी पाहिले नव्हते.

लेक चाचणीहून परतली ती हसतच. "बाबा, अशी गाडी मी आजवर चालवली नाही! वरपर्यंत कुठे दम लागला नाही."

"हवेचा आकडा?"

"खाली चौतीस, वर चौतीस. नवा इंटरकूलर सोनं आहे सोनं."

काकांच्या कपाळावर आठी पडली. भर उन्हात एवढा चढ, इंजिन पेटल्यासारखं तापलेलं, आणि हवा एका अंशानेही हलली नाही? इतकं शहाण्यासारखं तर त्यांच्या घरातलं कोणी वागत नव्हतं. कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्यांनी मनाशी म्हटलं, आणि मुरणाऱ्या पाण्याचा रोख थेट जावयाकडे वळला.

एक युक्ती त्यांना ठाऊक होती. सेन्सरच्या जागी चवलीएवढाही नसलेला एक रेझिस्टर, म्हणजे वीज अडवणारा तुकडा, जोडला की कॉम्प्युटरला हवा कायम गारच वाटते. गाडी पळते वाऱ्यासारखी, आणि इंजिन आतून जळत जातं. चाचणीचा एक चढ निभावला, म्हणून शर्यतीतला दुसरा निभावेल याचा काय भरवसा? शेवटच्या वळणावर इंजिन फाटलं, तर आत बसलेली असणार होती त्यांची लेक.

मग त्यांनी पाळत सुरू केली. जावई फोनवर बोलत बाहेर गेला, का गेला? ते जवळ येताच त्याने लॅपटॉप मिटला, का मिटला? सुतावरून स्वर्ग गाठायला त्यांना दुपारपर्यंतचा वेळ पुरला. शेवटी जावई बाहेर असताना त्यांनी त्याचा खण उघडला. आत रेझिस्टरची पट्टी होती. दहाच्या पट्टीत नऊच.

काकांनी पट्टी उचलली आणि लेकीसमोरच जावयाच्या पुढ्यात आपटली. "जावईबापू, दहावा कुठे आहे?"

"मला काय माहीत, बाबा?"

"हिला जिंकवायला गाडीला फसवलंत ना? उद्या हिचं काही झालं तर मला तोंड दाखवाल?"

लेक मध्ये पडली. "बाबा, काहीतरीच काय बोलताय!"

जावयाचा चेहरा पडला, पण आवाज चढला नाही. "सेन्सरला मी हातच लावलेला नाही. तिथे तुमचा ठिपका आहे."

लेक वैतागून बाहेर निघून गेली. "चोराच्या उलट्या बोंबा," असं पुटपुटत काकांनी पाना उचलला आणि गाडीचं नाक सोडवलं. आत नळीवर सेन्सर नीट बसलेला होता. वर लाल ठिपका होता. पण सेन्सरचं तोंड रिकामं होतं, त्यात वायरच नव्हती. वायर हेडलाइटमागे गुंडाळून ठेवलेली, आणि तिच्या टोकाला टेपमध्ये दहावा रेझिस्टर होता. टेपचे वेढे तीन, आणि शेवटचं टोक दुमडलेलं, नंतर सोडवायला सोपं जावं म्हणून. असं टोक गॅरेजात एकच माणूस दुमडायचा.

तीन आठवड्यांपूर्वीची सकाळ काकांना आठवली. नव्या इंटरकूलरची नळी आली नव्हती, सेन्सर बसवायला जागा नव्हती, आणि त्याशिवाय इंजिन नीट चालेना. तेव्हा जावयाच्या खणातून रेझिस्टर काढून त्यांनीच तात्पुरता जोडला होता. नळी आली, सेन्सर आवळला, ठिपका दिला, तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं. वायर राहिली ती राहिलीच. पुढे कोणी पाहिलं नाही, कारण खात्रीकाकांनी खात्री केलेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जावयाने वायर सेन्सरला लावली आणि बायकोला हाक मारली. लेक पुन्हा चढावर जाऊन आली. या वेळी आकडा त्रेसष्टवर गेला होता, कॉम्प्युटरने जोर आवरला होता, आणि वेळ सात सेकंदांनी वाढली होती.

"सकाळचा आकडा खोटा होता तर," ती उतरत म्हणाली. "नेमकं काय झालं होतं?"

"वायर सैल होती," जावई पटकन म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. हा आपल्याला का वाचवतोय, असा जुना संशय क्षणभर डोकावलाच. मग त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"सैल नव्हती," ते म्हणाले. "मी लावलीच नव्हती. चूक माझी, आणि आळ मात्र यांच्यावर घेतला."

काकांनी नखाने ठिपका खरवडून काढला आणि नेलपॉलिशची बाटली जावयाच्या हातावर ठेवली. "तुम्ही तपासा. मग तुम्हीच लावा."

जावई गाडीच्या नाकाशी उकिडवा बसला. त्याने वायर ओढून पाहिली, काढली, परत लावली, टॉर्च आणून पुन्हा पाहिली. हात कोपरापर्यंत काळे झाले. काका शेजारी ताटकळत उभे होते.

"झालं का हो?" शेवटी त्यांनी विचारलं.

"थांबा बाबा," तो मान वर न करता म्हणाला, "खात्री करतोय."

काका थांबले.