मेणाच्या वडीवर लाखेची मोहोर

अर्जदार : मी, वय चोपन्न, तहसील कचेरीसमोरील अर्जलेखक, शिक्षण सातवी, परंतु माझ्या मसुद्यात आजवर कोणा वकिलालाही चूक काढता आलेली नाही. मयत : माझी पत्नी. घटनेचा दिवस : वैशाखातील एक मंगळवार. साक्षीदार : नाशिक रोडच्या प्रयोगशाळेतील एक ताई. नावे मुद्दाम दिलेली नाहीत.

पत्नीच्या छातीतील गाठीतून सुईने काढलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा होता. रुग्णालयाने तो मेणाच्या छोट्या वडीत बसवून माझ्या हाती दिला. प्रयोगशाळेत त्या वडीचे केसाहून पातळ काप काढून काचेवर लावणार, त्यांवर रंग सोडणार आणि पेशी कोणता रंग धरतात त्यावरून औषध ठरणार, असे डॉक्टरांनी समजावले होते.

इतकी महत्त्वाची वस्तू उघडी नेणे मला प्रशस्त वाटले नाही. वाटेत अदलाबदल झाली तर? मी वडी कागदात गुंडाळली, मेणबत्तीवर लाख वितळवून वर ओतली आणि माझी पितळी मोहोर जोर देऊन उमटवली.

पत्नी पलंगावरून पाहत होती. "अहो, माझ्या गाठीचाबी दस्त केला का?" म्हणाली आणि हसली. मला ती शाबासकी वाटली.

प्रयोगशाळेतील ताईंनी पुडके उलटसुलट करून पाहिले. "काका, हे काय ओतलंत?"

"सील. सीलबंद नसेल तर तुम्ही ग्राह्य कसे धरणार?"

"अहो, आत मेण आहे! तेही वितळलं ना."

त्यांनी कागदासकट लाख अलगद सोडवली. कणी लाखेबरोबरच निघून आली, करपलेली. "यावर आता रंगाचा भरवसा नाही. पुन्हा सुई घालून तुकडा काढावा लागेल."

घरी येऊन मी सांगितले, "लॅबवाल्यांनी घोळ घातला."

"मग राहू द्या. आता परत सुई नाय." दुखणे वाढले की तिच्या तोंडी नांदगावची बोली येई. "एकदा दिलं तेवढं बास झालं."

परक्यांसाठी साहेबांचे मन वळवणारा मजकूर मी रोज लिहितो. तिच्यापुढे एक वाक्य सुचले नाही. चूक माझी आहे असे सांगितले असते, तर मला त्या ओझ्यातून सोडवण्यासाठी तरी ती कदाचित तयार झाली असती. मी सांगितले नाही. त्या तपासणीवाचूनच औषध सुरू झाले. दिवाळीपूर्वी ती गेली.

सबब, सदर ताईंस विनंती की, वडी शाबूत पोहोचली असती तर योग्य औषध ठरून माझी पत्नी वाचली असती काय, याचा लेखी खुलासा करावा. उत्तर माझ्याविरुद्ध असल्यास त्यावर माझी कोणतीही हरकत राहणार नाही.